1966 ची एमजीबी रोडस्टर रोज वापरायची आहे : कामांचा क्रम कसा लावावा?

मोकळे आकाश (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्याकडे 1966 सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या छपराची दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आली आहे. कापडी टप, 1798 सीसीचे इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आणि तारांची चाके, असे तिचे मूळ रूप बरेचसे शाबूत आहे. आधीच्या मालकांनी ती अकरा वर्षे झाकून ठेवली होती. बॅटऱ्या बदलल्यावर आणि टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकल्यावर इंजिन सुरू झाले. गरम झाल्यावरही त्याचा आवाज स्वच्छ आहे.

मला ही गाडी प्रदर्शनासाठी सजवायची नाही. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरचा माझा रोजचा प्रवास मला तिच्यातूनच करायचा आहे, आणि त्या प्रवासात पाऊसही असतो, अंधारही असतो. माझ्या मनातील यादी अशी : इंजिन उघडून नवे करून घेणे, पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवा टप आणि शेवटी रंग. सगळे एकदम करण्याइतके पैसे नाहीत. यांतले आधी काय करावे, काय मुळीच करू नये आणि माझ्या यादीतून काय सुटले आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पत्रेकाम

आपल्या यादीत जे पहिले असायला हवे तेच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी आहे. बंद गाडीत छपरामुळेही सांगाड्याला ताठपणा मिळतो. उघड्या गाडीत तो भार मुख्यतः दारांखालच्या दोन उंबऱ्यांवर, म्हणजे सिलवर, आणि मधल्या बोगद्यावर येतो. एमजीबीचे सिल बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्यामधला उभा पडदा अशा तीन थरांचे असते, आणि गंज आतून लागतो. बाहेरचा पत्रा गुळगुळीत आणि रंगवलेला दिसत असताना मधला पडदा पार भुगा झालेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे.

तपासणी आपल्याला स्वतःला करता येईल. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा आणि दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध खचू लागली आहे असे समजावे. मग गाडीखाली जाऊन जॅक लावण्याच्या जागेभोवती आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाशी जाड टोच्याने दाबून पाहा. चुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी (खड्डे बुजवण्याची पुटी) भरलेली असते. सीटमागच्या झाकणाखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत; त्यांच्या पेट्यांचा तळही पाहून घ्या, कारण आम्ल आणि पाणी मिळून तो खाऊन टाकतात.

सिल बदलावे लागले, तर कारागिराला एक प्रश्न आधी विचारा : कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करणार का? ही पट्टी न लावता, किंवा दोन्ही बाजू एकाच वेळी कापून काम केले, तर सांगाडा वाकलेल्या अवस्थेतच कायमचा जोडला जातो आणि पुढे दारे कधीही नीट बसत नाहीत. चांगला कारागीर एक बाजू पूर्ण करूनच दुसरीला हात लावतो, आणि वेल्डिंगचे टाके घालताना दार परत परत लावून फट तपासतो. हे काम होईपर्यंत रंगाचा विचारही मनात आणू नये.

बारा व्होल्ट

'पत्रेकाम' यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त विजेबद्दल लिहिते, कारण रोज चालणारी जुनी गाडी रस्त्यात बंद पडण्यामागे माझ्या अनुभवात इंजिनापेक्षा वायरिंगच अधिक वेळा निघाले आहे.

आपल्या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असणार, आणि वीज डायनॅमोकडून येते. त्या डायनॅमोची पूर्ण क्षमता 22 अँपिअरच्या आसपास असते आणि गाडी थांबलेली असून इंजिन मंद फिरत असताना तो जवळपास काहीच देत नाही. रात्री, पावसात, सिग्नलपाशी हेडलाइट, वायपर आणि हीटरचा पंखा एकत्र चालू असतील तर सगळा भार बॅटरीवर पडतो. रोजच्या प्रवासासाठी डायनॅमोऐवजी ऑल्टरनेटर (इंजिन मंद फिरतानाही पुरेशी वीज देणारे जनित्र) हा बदल मला सर्वांत सार्थ वाटतो. त्यासाठी ऋण बाजू बॉडीला जोडावी लागेल. इग्निशन कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करणे सोपे आहे. मात्र त्या वर्षीचा रेव्ह काउंटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) इलेक्ट्रॉनिक असल्याने त्यातील जोडणी बदलल्याशिवाय बॅटरी उलटी जोडू नका.

दुसरे काम हेडलाइटच्या रिलेचे (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच). मूळ जोडणीत हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो, त्यामुळे स्विच तापतो आणि दिव्यापर्यंत पुरते व्होल्ट पोहोचत नाहीत. दोन रिले आणि त्यांचे स्वतंत्र फ्यूज लावल्यावर तेच दिवे लख्ख पेटतात. मूळ गाडीला जेमतेम दोन फ्यूज आहेत, ही गोष्टही त्याच वेळी सुधारून घेता येते. आणि नवी वस्तू विकत घेण्यापूर्वी अर्थिंगचा प्रत्येक बोल्ट उघडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन अवश्य बसवा, पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) घासण्याची आणि गॅप लावण्याची कटकट मिटेल.

चौथा गिअर

शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पॉइंट बिघडताना हळूहळू बिघडतात आणि गाडी कुरकुरत का होईना घरी आणतात. इलेक्ट्रॉनिक युनिट जाते तेव्हा बहुधा क्षणात जाते. बसवायचे असेल तर जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवावेत आणि ते बदलण्याचा सराव घरीच करून ठेवावा.

इंजिन मात्र उघडू नका. ते स्वच्छ चालत आहे. आधी मोजमाप करा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) एकमेकांच्या जवळ असेल, आणि गरम इंजिनात धावताना ऑइलचा दाब 50 ते 80 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) मिळत असेल, तर त्याला उघडण्याचे कारण नाही. शिसेविरहित पेट्रोलमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजू शकतात, हे खरे आहे. ती झीज टॅपेटच्या गॅपवरून (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातील फट) कळते : 0.015 इंचाला लावलेली गॅप दर काही महिन्यांनी आपोआप कमी होत असेल, तर हेड काढून कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या मऊ करून टाकते, म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या लावा. हे काम स्वस्त आहे आणि आग टाळणारे आहे, त्यामुळे ते पहिल्याच आठवड्यात व्हावे.

पाच गिअरबद्दल घाई नको. त्या काळी ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड-यंत्रणा) पर्यायी मिळत असे; आपल्या गाडीत तो आहे का, हे आधी पाहा. तो असेल आणि चालत असेल तर महामार्गावर इंजिनाची दमछाक होत नाही. हे जरूर लक्षात असू द्या की 1966 च्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रो (गिअर टाकताना चाकांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकू नये. रोज वाहतुकीत अडकणे होत असेल आणि याचा त्रास वाटू लागला, तर एका वर्षानंतर बदलाचा विचार करा.

ब्रेकच्या बाबतीत कंजूषी चालणार नाही. अकरा वर्षांत ब्रेक ऑइलने हवेतील ओल शोषलेली असते. कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या सगळे नवे करा. नळी बाहेरून चांगली दिसली तरी आतून फुगून ब्रेक धरून ठेवते. मूळ ब्रेकचे सर्किट एकच आहे, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणे हा मला ऑल्टरनेटरच्याही आधीचा बदल वाटतो. टायरवरचे चार अंक पाहा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही ताजी दिसली तरी जुने टायर काढून टाका. तारांच्या चाकांसाठी एक चाक उचलून कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. खटखट आवाज आला तर हबचे दाते झिजले आहेत.

मोकळे आकाश (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. रविवारी सगळी तपासणी केली. उजव्या दाराची फट वर आणि खाली सारखीच, पाच मिलिमीटर आहे. डाव्या दाराची वर तीन आणि खाली सात निघाली. त्याच बाजूला सिलच्या पुढच्या टोकाशी चुंबक घसरून खाली पडला, आणि टोचा दाबताच लांबीचा एक तुकडा निघून आत ओली, तपकिरी माती दिसली. मी बराच वेळ तशीच जमिनीवर बसून होते. ऑइलचा दाब गरम असताना 60 आहे. ओव्हरड्राइव्ह आहे, पण बटण दाबून काही होत नाही. आता टपाचे काय करावे? मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली आहे.

पत्रेकाम

ती ओली माती महत्त्वाची आहे. मडगार्डच्या आत साचलेल्या मातीमुळे पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. नवे सिल बसल्यावर निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवून आत पातळ मेण फवारून घ्या, आणि दरवर्षी मडगार्डमागची माती पाण्याने धुऊन काढा.

नवा टप सिलचे काम झाल्यावरच घ्या. सांगाडा सरळ झाल्यावर काचेची चौकट आणि टपाची कमान यांच्यातले अंतर बदलते, आणि आज बेतून बसवलेला टप उद्या ताणला जाईल किंवा सैल पडेल. तोपर्यंत खिडकीला पारदर्शक चिकटपट्टी लावून काम भागवा. नवा टप बसवण्यासाठी उबदार दिवस निवडा, कारण थंडीत कापड ताणत नाही. ओला असताना तो कधीही दुमडून ठेवू नका आणि खिडकीच्या घडीत मऊ कापड घाला.

बारा व्होल्ट

ओव्हरड्राइव्ह बंद आहे म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका. तो फक्त तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर चालतो, आणि गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या स्विचमधून त्याला वीज मिळते. इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, चौथा गिअर टाका आणि बटण दाबा. सोलेनॉइडचा (वीज मिळताच यंत्रणा ओढणाऱ्या विद्युतचुंबकाचा) टक असा आवाज आला नाही तर बिघाड बहुतेक वायरीत किंवा त्या स्विचमध्ये आहे. आवाज आला तर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पाहा. जे दिसेल ते कळवा, पुढची पायरी सांगते.