मंचावर नोटेशनचा स्टँड नकोच. तुमचं मत?

खर्ज (धागाकर्ता)
गाणारा किंवा एकल वाजवणारा कलाकार मंचावर असताना त्याच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये नोटेशनचा, म्हणजे लिहिलेल्या स्वरांचा किंवा शब्दांचा, कागद ठेवायचा स्टँड नसावा, हे माझं ठाम मत आहे. मागे बसलेल्या वाद्यवृंदाबद्दल बोलत नाहीये. रोख आहे पुढे उभ्या असलेल्या माणसावर.

वाचताना डोळे सुराच्या साधारण सेकंदभर पुढे धावतात. तोंडाने एक ओळ चालू असते आणि मन पुढच्या ओळीत शिरलेलं असतं. त्यामुळे ओळीचा शेवटचा सूर, जो ठेवायला सगळ्यात जास्त लक्ष लागतं, तोच लवकर सोडला जातो. कागद बघून गायलेलं रेकॉर्डिंग नीट ऐका. सुरुवाती स्वच्छ असतात, शेवट तुटलेले असतात.

दुसरं, मान. स्टँड कमरेशी ठेवला की हनुवटी खाली जाते, गळा आवळतो आणि तोंड माइकच्या रेषेतून सरकतं. वर ठेवला तर चेहरा झाकतो. यातून सुटका नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. कागद समोर असणार हे ठाऊक असलं की पाठांतराला कुणी बसतच नाही. १८३७ मध्ये क्लारा वीक, म्हणजे नंतरच्या पियानोवादक क्लारा शुमान, यांनी बर्लिनमध्ये बीथोव्हेनचा ‘अपासिओनाटा’ हा पियानो सोनाटा कागदाशिवाय वाजवला. तेव्हा तो काहींना आगाऊपणा वाटला होता. पुढे एकल वादनात तीच रीत पडली, कारण त्यात काहीतरी तथ्य होतं.

दुगुन
असहमत. तुम्हीच दिलेल्या उदाहरणातून दिसतं की कागदाशिवाय वाजवणं ही एका काळात पडलेली रीत आहे, संगीताची अट नव्हे. पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्तर उतारवयात कागद समोर ठेवूनच वाजवत. सभागृहात अंधार आणि एकच दिवा, तोही कागदावर. त्यांचं वादन त्यामुळे उणं झालं असं कुणी म्हणेल का?

पाठांतर नेमकं कुठे दगा देतं ते बघा. अवघड जागी सहसा देत नाही, कारण तिथे घोटून घोटून रियाज झालेला असतो. दगा देतं ते फाट्यावर. एकच वाक्य रचनेत दोनदा येतं, पहिल्यांदा एका सुरावर उतरतं, दुसऱ्यांदा वेगळ्या. बोटांना दोन्ही वाटा सारख्याच ओळखीच्या असतात. चुकीची वाट धरली की वाजवणारा परत मागे येतो आणि तोच भाग पुन्हा सुरू होतो, किंवा मधली तीस-चाळीस मापं (बार) गळतात. साथीदार सोबत असतील तर सगळेच कोलमडतात. कागदावर एक नजर टाकली की हे टळतं. मग ती नजर का टाकू नये?

मींड
दुगुन +१. आणि बदली वादकाचं काय? एका तालमीवर बसायचं, वीस गाणी, त्यातली सहा नवी. तिथे पाठांतराचा आग्रह म्हणजे बाकीच्यांवर अन्याय.

खर्ज
मींड, बदली वादक मागे बसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही हे वर लिहिलंय.

दुगुन, फाट्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण त्यावर कागद हा इलाज नाही. ऐन वेळी पानावर नजर टाकून ती जागा शोधायलाच दोन सेकंद जातात, आणि फाटा अर्ध्या सेकंदात येऊन गेलेला असतो. इलाज तालमीत आहे. रचनेतले सगळे फाटे शोधा. पाच-सहा मिनिटांच्या रचनेत ते पाच-सातच निघतात. दोन्ही वाटा एकाखाली एक लिहून काढा आणि फरक कुठल्या सुरापासून पडतो तिथे खूण करा. मग आधीचं एक माप आणि नंतरची दोन, एवढाच तुकडा आलटून पालटून वाजवा. पहिली वाट, दुसरी वाट, पहिली, दुसरी.

शिवाय कुठूनही उचलता येईल अशा आठ-दहा जागा ठरवा आणि तालीम शेवटच्या जागेपासून मागे मागे करा. मग पूर्ण रचना निम्म्या लयीत वाजवून बघा. बोटांची सवय नेहमीच्या वेगावर बसलेली असते. लय निम्मी केली की ती सवय सुटते आणि खरं काय पाठ आहे ते उघडं पडतं. शेवटचे दहा दिवस स्टँड पाठमोरा करून ठेवा.

पडदा
ध्वनिव्यवस्थेच्या बाजूने लिहितो, कारण या वादात आवाजाचा विचार कुणीच केलेला नाही.

स्टँडचा पत्रा म्हणजे आरसा आहे, आवाजाचा. गायकाचा आवाज माइकमध्ये दोन वाटांनी पोचतो, एक सरळ आणि एक पत्र्यावर आपटून. दुसरी वाट ३४ सेंटिमीटर लांब असेल तर तो आवाज सुमारे १ मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्या उशिराने ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ अशा कंपनांवर हे दोन आवाज एकमेकांना खातात. ऐकताना आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटतो. गायक मान हलवतो तसा हा पोकळपणाही बदलत राहतो, त्यामुळे मिक्सरवर इक्वलायझर फिरवून तो जात नाही.

दुसरी गडबड मॉनिटरची, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरची. कार्डिऑइड माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या मागे, गायकाकडे तोंड करून ठेवतात. आता मध्ये स्टँड आला. मॉनिटरचा आवाज पत्र्यावर आपटून वेगळ्याच दिशेने माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. त्याच वेळी गायकाला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, कारण पत्रा वाटेत आहे. तो खुणेने ‘वाढवा’ म्हणतो, वाढवलं की पुन्हा शिट्टी.

म्हणून स्टँड लागणारच असेल तर तो माइकच्या समोर नको, एका बाजूला ३०-४० अंशांवर हवा. पत्रा छातीच्या खाली आणि जवळजवळ आडवा, म्हणजे आपटलेला आवाज छताकडे जातो. जाळीचा किंवा भोकांचा पत्रा भरीव पत्र्यापेक्षा बरा, पण त्यावर पुठ्ठ्याची फाइल उघडून ठेवली की तो पुन्हा भरीवच झाला. फेल्ट चिकटवल्याने थोडा फरक पडतो, पण पातळ फेल्ट फक्त वरच्या पट्टीची कंपनं शोषतं. ५०० हर्ट्झचा खड्डा तसाच राहतो.

ट्रम्पेटवाल्यांनी तर ‘बेल’, म्हणजे वाद्याचं रुंद तोंड, पत्र्याच्या वरून किंवा बाजूने काढावी. थेट पत्र्यात फुंकलं तर समोर कमी पोचतं.

मींड
पडदा, उत्तम माहिती. पण यातून स्टँड नको हे सिद्ध होत नाही, स्टँड कुठे हवा एवढंच ठरतं.

पान उलटण्याचंही तसंच. छापील पानावर उलटायची जागा छापणाऱ्याच्या सोयीने येते, वाजवणाऱ्याच्या नाही. पान मोकळ्या जागेपर्यंत वाढवायचं, म्हणजे पुढच्या पानाच्या पहिल्या दोन ओळी कापून याच पानाखाली चिकटवायच्या. ए४ ची तीन पानं शेजारी लावली की ६३ सेंटिमीटर होतात आणि चांगल्या पक्क्या स्टँडचा पत्रा साधारण ५० सेंटिमीटर रुंद असतो. दोन्हीकडची साडेसहा सेंटिमीटर लोंबतात आणि पंख्याच्या पहिल्या झोतात वळतात. मागे ६५ सेंटिमीटरचा काळा जाड पुठ्ठा लावला की काम झालं. कोपरा वर दुमडून ठेवा, म्हणजे एकच पान हाताला लागतं. एका स्टँडवर दोन व्हायोलिन असतील तर पान आतल्या बाजूच्याने उलटायचं, श्रोत्यांकडच्याने वाजवत राहायचं.

उघड्यावर चिमटे चार लावा, दोन नव्हे. प्लास्टिकच्या चकचकीत पिशवीत कागद घालू नका. स्पॉटलाइटखाली अर्धं पान पांढरंफेक दिसतं.

काळी_चार
एवढ्या खटाटोपापेक्षा टॅबलेट आणि पान उलटायचं पायाचं ब्लूटूथ पेडल घ्या. १२.९ इंची पडदा सुमारे २६ × २० सेंटिमीटर, म्हणजे ए४ पेक्षा लहान, पण समास कापले की अक्षर जवळपास तेवढंच येतं. छोट्या माउंटवर बसतो, पत्राच नको. पडदा यांची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

खर्ज
टॅबलेटला तर माझा जास्तच विरोध. कागद बंद पडत नाही.

काळी_चार
बंद पडतो तो सेटिंग न केल्यामुळे. ऑटो-लॉक बंद. ब्राइटनेस आपोआप बदलणं बंद, नाहीतर दिवे मंदावले की पडदाही मंदावतो. एअरप्लेन मोड चालू आणि मग ब्लूटूथ पुन्हा चालू. हा क्रम चुकला की पेडल सुटतं. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. दोनदा दाबलं गेलं की दोन पानं पुढे जातात आणि गाण्याच्या मध्ये मागे येणं फार कठीण. अर्धं पान उलटायची सोय असेल तर तीच वापरा. वरचा अर्धा भाग बदलतो, खालचा वाचत राहता येतो.

एक खरी मर्यादा मान्य. आयपॅडसाठी वापराची तापमान मर्यादा ३५ अंश सेल्सियस दिलेली आहे. भर उन्हातल्या मंचावर तो तापतो आणि सूचना दाखवून थांबतो. तिथे कागदच.

आणि रात्री पार्श्वभूमी काळी, अक्षरं पांढरी ठेवा. नाहीतर खालून येणारा निळसर उजेड चेहऱ्यावर पडतो, फोटोत सगळ्यात आधी तोच दिसतो.

दुगुन
खर्ज, तुमच्या तालमीच्या पद्धतीशी भांडण नाही, ती मी उचलणार. पण २०१४ मध्ये अरोरा ऑर्केस्ट्राने लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात मोझार्टची ४० वी सिम्फनी उभ्याने, कागदाशिवाय वाजवली, ती एक रचना होती आणि तयारी तिच्यावरच एकवटलेली. आठवड्याला नवा कार्यक्रम करणाऱ्याला हे रोज जमेल अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

आणि पट्टी बदलण्याचं विसरू नका. गायक संध्याकाळी म्हणतो, आज अर्धा सूर खाली. पाठ असलेल्या कीबोर्डवाल्याच्या बोटांत जुनी पट्टी मुरलेली असते. ज्याच्यासमोर कॉर्ड्स पट्टीच्या पहिल्या सुरापासून मोजलेल्या आकड्यांत लिहिलेला कागद आहे, एक, चार, पाच, सहा, तो सरळ नव्या पट्टीत वाजवतो.

खर्ज
पट्टीचा मुद्दा मान्य, आकड्यांच्या कागदाला साथीदारांसाठी हरकत नाही. गायकाला मात्र एवढंच देईन: पोस्टकार्डाएवढा कागद, प्रत्येक अंतऱ्याचे फक्त पहिले तीन शब्द, २८ पॉइंटमध्ये, मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवलेला. पहिला शब्द सापडला की पुढचे आपोआप येतात, आणि वाचण्यासारखं त्यावर दुसरं काहीच नसल्यामुळे नजर तिथे अडकून राहत नाही.

पडदा
मॉनिटरच्या कडेला चालेल, जाळीवर नको. जाळीवर चिकटवलेला कागद ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, झाकतो, आणि मग गायक पुन्हा ‘वाढवा’ म्हणतो.