आधी माती, मग रोपं
येत्या रविवारी सगळ्यांनी जमून मुलांच्या बागेत एकदमच रोपं लावून टाकू, अशी सूचना आलीय. उत्साह बघून फार बरं वाटलं, पण आधी मातीकडे बघा. वर्षानुवर्षं तुडवलेली जमीन दगडासारखी घट्ट होते. पाणी वरच साचतं, मुळांना हवा मिळत नाही. पहिले दोन रविवार खणण्यात, काचा-खिळे वेचण्यात आणि चांगलं कुजलेलं खत मिसळण्यातच जाऊ द्या.

एक वाफा मात्र पूर्णपणे मुलांच्या हाती सोडा, त्यांचा हात मधोमध पोचेल इतकाच रुंद. त्यात मुळा पेरा. चार-पाच दिवसांत कोंब माती सारून वर येतो, हृदयाच्या आकाराची दोन इवली पानं घेऊन! आणि हो, कण्हेर कुंपणालाही नको. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.