बर्फातले बुडबुडे फोटोत कसे पकडायचे?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सध्या कॅलगरीत. गेल्या जानेवारीत अल्बर्टातल्या अब्राहम लेकवर गेलो होतो. काचेसारखा बर्फ आणि त्यात पांढरे बुडबुडे, मडक्यांची उतरंड रचावी तसे एकाखाली एक! फोटोत मात्र नुसती आभाळाची चकाकी आली आणि बर्फ राखाडी. वीस मिनिटांत बॅटरी संपली, गाडीत येऊन बसलो तर लेन्सवर वाफ. यंदा आई-बाबा येतायत, त्यांनाही न्यायचंय. माझं काय चुकलं?

रानवारा:
मी एडमंटनला असते, दर हिवाळ्यात तिथे जाते. चकाकीवर एकच उपाय, पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर. लेन्सवर लावून सावकाश फिरवत राहा. एका जागी आभाळ पुसल्यासारखं निघून जातं आणि खालची उतरंड दिसायला लागते. पण कॅमेरा सरळ खाली रोखलात तर त्याचा काही उपयोग होत नाही. गुडघे टेका आणि तिरकं बघा.

राखाडीचं कारण म्हणजे कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करू बघतो. एक्सपोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या.

हे बुडबुडे मिथेनचे. हा तलाव मुळात धरणाचा, बिगहॉर्न धरण 1972 चं. तळाशी झाडपाला कुजतो, त्यातून वायू सुटतो आणि वर येताना बर्फाला अडकतो. बर्फ खालच्या बाजूने जाड होत जातो, म्हणून पुढचा बुडबुडा आधीच्याच्या खाली थिजतो. वारा बर्फावरचा भुसभुशीत हिम उडवून नेतो, नाहीतर यातलं काहीच दिसलं नसतं.

पिवळाबल्ब:
जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. संपली असं वाटलेली बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. गाडीत शिरायच्या आधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर धरतं. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते.

गोदाकाठ:
झिपची पिशवी! हे सुचलंच नव्हतं. आई-बाबांना बर्फावर नेलं तर चालेल ना?

रानवारा:
इथे मला काळजी वाटते. वीजनिर्मितीसाठी हिवाळाभर पाणी सोडतात, पातळी उतरते आणि काठाचा बर्फ आधाराविना लटकतो, तडकतो. माझा पाय एकदा अशाच कपारीत गुडघ्यापर्यंत गेला होता. खाली पाणी नव्हतं, नुसती पोकळी. कॅनडाची रेड क्रॉस एकट्या माणसाला चालायला 15 सेंटिमीटर जाडी हवी म्हणते. ती डोळ्यांनी कळत नाही, भोक पाडून मोजावी लागते. बुटांना खिळ्यांचे पट्टे सगळ्यांनीच लावा.

गोदाकाठ:
बाबांचे गुडघे दुखतात, ते काठावरच थांबतील.

रानवारा:
मग त्यांना घडीची खुर्ची आणि थर्मासभर चहा द्या. ऊन उतरून थंडी वाढली की बर्फ आतून ढुम्म असा घुमतो. तो आवाज काठावरही छान ऐकू येतो.