मुलाला ‘घुस’, मुलीला ‘सांभाळून’: मैदानाच्या कडेला पालक असे का वागतात?

धागालेखक
स्पर्धात्मक युवा फुटबॉलमध्ये पालक मुलांच्या आणि मुलींच्या सामन्यांना वेगवेगळे वागतात आणि हा फरक मुलींच्या खेळाला मारक ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांच्या सामन्यात चेंडू पायाशी येतो न येतो तोच कडेवरून ‘घुस’, ‘मार’, ‘सोडू नकोस’ असा गलका सुरू होतो. पास चुकला की वडिलांचे हात डोक्याला जातात आणि मुलगा चेंडूमागे धावण्याआधी वडिलांकडे बघतो. मुलींच्या सामन्यात तेच पालक ‘असू दे, छान’ म्हणतात आणि कोणी अंगावर आले की ‘सांभाळून’ म्हणून ओरडतात. वरवर पाहता मुलींचे बरे चालले आहे. पण तेरा वर्षांची बचावपटू पुन्हा पुन्हा जागा सोडून पुढे जाते आणि तरीही तिच्या कानावर ‘छान’च पडते, तेव्हा आपल्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नाही, हे तिला बरोबर कळते. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते; पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे ५० वर्षांनी उठली, मात्र तिच्यामागची समजूत या ‘सांभाळून’मध्ये अजून शिल्लक आहे.

प्रतिसाद: एका मुलीची आई
मी पूर्णपणे असहमत आहे. निवड चाचणीच्या आठवड्यात मुलींचे पालक किती सौम्य असतात, ते एकदा जवळून पाहा. कोणाची मुलगी किती मिनिटे खेळली याचा हिशेब ठेवला जातो, प्रशिक्षकांना रात्री उशिरा संदेश जातात आणि बाकावर बसवलेल्या मुलीची आई दुसरीच्या आईशी बोलणे बंद करते. आवाज कमी असला, तरी दडपण तितकेच असते. फरक मुलगा-मुलगी असण्याचा नाही, पणाला काय लागले आहे याचा आहे. शिवाय टाळ्या वाजवणे हा दोष कसा? मुलग्यांनाही तेच मिळायला हवे.

प्रतिसाद: हौशी पंच
फरक आहे आणि तो मला दर सामन्यात ऐकू येतो. दोन मुलगे चेंडूसाठी खांद्याला खांदा भिडवतात, तेव्हा ‘खेळू द्या’ असा आवाज येतो. तीच झुंज दोन मुलींमध्ये झाली की फाउलची मागणी होते. फुटबॉलच्या नियम क्रमांक १२ नुसार निष्काळजी, बेदरकार किंवा अवाजवी जोराची धडक हाच गुन्हा आहे आणि तो नियम दोघांना सारखाच लागू आहे.

प्रतिसाद: एका मुलीचे वडील
पंचसाहेब, ‘सांभाळून’ म्हणण्यामागे कारण आहे. गुडघ्याची हाडे जोडणाऱ्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत किशोरवयीन मुलींना मुलांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होते. पालकांनी काळजी करू नये काय?

प्रतिसाद: मुलींच्या संघाचा प्रशिक्षक
काळजी जरूर करावी, पण ती योग्य जागी. या दुखापती बहुतांशी धक्क्याने होत नाहीत. उडीनंतर जमिनीवर उतरताना किंवा धावता धावता एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि अस्थिबंध तुटतो. फिफाचा ‘११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा सराव त्यासाठीच आहे आणि तो नियमित केल्यास दुखापती कमी होतात. मात्र त्याच वेळेत पालक मुलींना मैदानावर उशिरा आणून सोडतात आणि मग सामन्यात टॅकलला, म्हणजे समोरच्याच्या पायातला चेंडू हिसकावण्याला, घाबरून ओरडतात. भीत भीत, अर्धवट पायाने केलेला टॅकल उलट जास्त धोक्याचा असतो.

धागालेखक
मुलीच्या आईंना एवढेच सांगेन की टाळ्यांना माझा विरोध नाही. मुलग्यांवर होणारी ओरड बंद झालीच पाहिजे, याबद्दल आपले दुमत नाही. पण ओरड थांबवणे आणि चूक दाखवणेच थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलींच्या वाट्याला दुसरी येते.

प्रतिसाद: एका मुलीची आई
चूक दाखवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. पालकाने मुलाचीही दाखवू नये आणि मुलीचीही.