मदत हवी आहे: रंकाळ्याच्या काठावर सूर्यमाला मांडायची आहे

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या पोरांना ग्रहांची नावं तोंडपाठ आहेत, पण अंतराचा अंदाज अजिबात नाही. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह एकमेकांना खेटून असतात, म्हणून खऱ्या प्रमाणात मांडून दाखवायचं ठरवलंय. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर.

या हिशोबाने सूर्य १४ सेंटीमीटरचा चेंडू होतो. पृथ्वी जेमतेम बारीक मोहरीएवढी, आणि ती ठेवायची सूर्यापासून १५ मीटरवर. चंद्र तिच्यापासून चार बोटांच्या आतच. गुरू म्हणजे एक गोटी, ७८ मीटरवर. शनी १४३ मीटरवर आणि नेपच्यून थेट ४५० मीटरवर! एवढं चालल्यावर अंतर पोरांच्या पायांना कळेल, असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. रंकाळ्याच्या काठाने ४५० मीटरचा बऱ्यापैकी सरळ, गाड्यांचा त्रास नसलेला पट्टा कुठला? सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी कृपया नेमकी जागा सांगा.

दुसरं, परिवलन आणि परिभ्रमण यात पोरं हमखास गोंधळतात. स्वतःभोवती फिरणं आणि सूर्याभोवती फिरणं शिकवायला एखादा मैदानी खेळ सुचवाल का? प्लूटो २००६ पासून बटुग्रह का झाला, हेही सोप्या भाषेत कुणी समजावलं तर फार बरं होईल.

शिवाय कुणाकडे छोटी दुर्बीण असेल तर एका संध्याकाळी घेऊन याल का? शनीची कडी तीस पटीच्या दुर्बिणीतूनही दिसते. पोरांना ती दाखवायचीच आहे.