रानातला पाणवठा: केवढा, कुठे आणि काय बिघडतं?

काठावरचा:
ओढा आटला की हरणं, डुकरं थेट गावाच्या पिण्याच्या तळ्यावर येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या. वनखात्याच्या परवानगीने जंगलाच्या बाजूला सिमेंटचा पाणवठा बांधून टँकरने भरायचा विचार आहे. ३ मीटर व्यास पुरेल का? रोज किती पाणी लागेल?

उतारमाप:
टाकी नको, बशीसारखा उथळ करा. ३ मीटर व्यास आणि मध्यावर ३० सेंमी खोली धरली तर साधारण १,००० लिटर मावतं. कडक उन्हात रोज ८ मिमी पाणी उडतं असं धरा, ७ चौ. मीटर पृष्ठभागावरून ५५ लिटर तसेच गेले. पिण्याचं वेगळं. हत्ती येत असतील तर हे माप विसरा, एकटा मोठा हत्ती दिवसाला १०० लिटरच्या वर पितो.

काँक्रीट घोटून गुळगुळीत करू नका, खूर घसरतात. कडेला दगड रुतवा, म्हणजे पक्षी आणि मधमाश्या बुडत नाहीत. दोन आठवडे ओलं ठेवा आणि पहिलं पाणी काढून टाका, त्यात सिमेंटचा क्षार उतरलेला असतो. प्राणी यायला लागण्याआधी गळती तपासा: भरलेली बादली पाण्यात उभी ठेवायची. दिवसभरात बादलीपेक्षा पाणवठ्याची पातळी जास्त उतरली, तर तळ गळतोय.

झुडूपरेषा:
माप ठीक, पण आधी चारा बघा. पाणी दिलं की प्राणी तिथेच थांबतात, आसपासचं गवत संपतं, आणि मग तहानेऐवजी उपासमार होते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात उत्तर भागातल्या कृत्रिम पाणवठ्यांमुळे झेब्रे आणि विल्डबीस्ट वाढले, त्यांच्यामागून सिंह आले. तिथले रोन हरीण १९८६ मध्ये सुमारे ४५० होते, १९९३ मध्ये ४५ च्या आसपास उरले. त्यात दुष्काळाचाही वाटा होता, तरी पुढे बरेच पाणवठे बंद केले गेले.

जागा गावाच्या आणि रस्त्याच्या उलट बाजूला, जुन्या जनावरवाटेवर घ्या. भोवती थोडं मोकळं रान हवं. दाट झुडूप शिकाऱ्याच्या सोयीचं. पाऊस पडेपर्यंत टँकरची खात्री नसेल तर सुरूच करू नका. मध्येच बंद पडलेला पाणवठा नसलेल्यापेक्षा वाईट.

काठावरचा:
मग गावतळ्याला आत्ताच कुंपण घालावं का?

निवळी:
आत्ता नको. नव्या पाणवठ्यावर ठसे नियमित दिसू लागले की मगच. तोवर तळ्याचं पाणी लेंड्या-शेणाने दूषित आहे असंच समजा: गढूळ असेल तर निवळून गाळा, मग क्लोरीन. ३० मिनिटांनी लिटरमागे ०.५ मिग्रॅ क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. गाळण्याआधी क्लोरीन टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं. पाणी आणायला पहाटे किंवा तिन्हीसांजेला जाऊ नये, बिबट्याची तीच वेळ.

पाणवठ्यावर निळसर-हिरवी साय धरली तर वरून नवं पाणी ओतून भागत नाही. २०२० मध्ये बोट्सवानात ओकावांगोजवळ ३०० हून जास्त हत्ती मेले, त्याचं कारण अशाच सायनोबॅक्टेरियाचं विष सांगितलं गेलं. पूर्ण उपसा, ब्रशने घासा, साबण न वापरता, आणि दिवसभर उन्हात कोरडा ठेवा. त्या दिवशी प्राणी कुठे जाणार? म्हणून एका मोठ्याऐवजी दोन लहान बांधा.

आणि शिवारातल्या बिनकठड्याच्या विहिरींवर आधी जाळी टाका. तहानलेला प्राणी रात्री तिकडेही वळतोच.