देणगीपेटीऐवजी निर्णय मुलांच्या हाती द्या

मुलांना इतरांना मदत करायला शिकवण्यासाठी शाळेत वर्गावर्गात देणगीपेट्या ठेवून कोणता वर्ग जास्त पैसे जमवतो अशी चुरस लावावी, असं काही जण सुचवतात. त्यात पैसे पालकांच्या खिशातून येतात आणि ज्याच्याकडे नसतात ते मूल मान खाली घालून बसतं. त्यापेक्षा शाळेनेच प्रत्येक वर्गाला छोटी ठरावीक रक्कम द्यावी. चार-पाच जणांच्या गटाने एक गरज शोधायची, पण आधी ज्यांना मदत करायची त्या लोकांनाच विचारायचं, नेमकं काय हवंय? ही पायरी गाळली की हमखास जुने कपडे नि मोडकी खेळणी गोळा होतात. मग कोणत्या गटाने शोधलेल्या गरजेला पैसे द्यायचे, ते वर्गाने मतदानाने ठरवायचं. निवडीचे निकष मतदानाआधीच फळ्यावर लिहा, नाहीतर मैत्री बघून मतं पडतात. मतदान गुप्तच हवं. महिन्याभराने पैशांचं काय झालं ते मुलांनीच जाऊन तपासावं. या तपासणीचा तास कधीच रद्द करू नका. आणि मदत घेणाऱ्यांचे फोटो कृपा करून काढू नका.